चरईतलं १९६८ चं घर सौरऊर्जेवर न्यायचंय: सुरुवात कुठून करू?

चाफा
१९ जानेवारी, रात्री ९:४०

ठाण्यात चरईला आजोबांनी १९६८ साली बांधलेलं आमचं घर आहे. खाली काका-काकू, वर आई-बाबा, आम्ही दोघं आणि मुलं. विटांच्या जाड भिंती आणि त्यांवर स्लॅब, आरसीसीचे खांब नाहीतच. गल्लीतली बाकीची घरं एकेक करून टॉवरला गेली. आमच्याकडेही बिल्डर येऊन गेले. बाबा आणि काकांचं पाण्याच्या मोटरवरूनसुद्धा पटत नाही, पण घर पाडायचं नाही यावर दोघे ठाम आहेत, आणि मलाही तेच हवंय.

घर टिकवायचंच आहे तर निदान वीज आणि गरम पाणी होईल तितकं उन्हातून मिळावं, असं गेलं वर्षभर डोक्यात आहे. बाबा दर महिन्याचं मीटर रीडिंग वहीत लिहितात. वरच्या घराचा खप डिसेंबरात २४० युनिट, मे महिन्यात ४६०, वर्षाची बेरीज ४,१०० च्या आसपास. गच्ची ७०० चौरस फुटांची, टाकी आणि जिन्याची खोली सोडली तर साडेचारशे मोकळी.

अडचणी अशा. गच्ची गळते, दर जूनला ताडपत्री घालतो. काका म्हणतात पत्रे टाकून विषय संपवा, मी म्हणते पत्र्यांच्या जागी पॅनेलच टाकू. नैर्ऋत्येला नवा बारा मजली टॉवर झालाय, त्याची सावली येते. आणि लाइट गेली तरी पंखे चालू राहतील अशी बाबांची खात्री आहे. एक कंत्राटदार घरी येऊन दहा मिनिटांत ५ किलोवॅटचं कोटेशन देऊन गेला. गच्चीवर तो चढलासुद्धा नाही, त्यामुळे मन धजत नाही. जुन्या घरात हे काम केलेल्यांनी कृपया सांगा.

गच्चीवरचा
१९ जानेवारी, रात्री ११:०५

वाशीत सिडकोच्या जुन्या रो-हाऊसवर ३ किलोवॅट बसवून मला दोन वर्षं झाली. तुमच्या ४,१०० युनिटांना ५ किलोवॅट कशाला? माझ्या ३ किलोवॅटने पहिल्या वर्षी ३,९०० युनिटं दिली. तुम्हाला तीन, फार तर सव्वातीन पुरतील.

अनुदानाचं गणितही तिथेच थांबतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००. त्यापुढे कितीही मोठं बसवा, आकडा तोच. अनुदानासाठी पॅनेलमधले सेल देशात बनलेले असावे लागतात, कोटेशनवर ‘डीसीआर’ असं स्पष्ट लिहून घ्या.

दुसरं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण वापरून उरलेली वीज कंपनीच्या लाइनवर जाते आणि ती जास्तीची युनिटं पुढच्या महिन्याच्या बिलात वळती होतात, पण ३१ मार्चपर्यंतच. तेव्हा जी उरतात त्यांचे कंपनी पैसे देते, मात्र आपण ज्या भावाने वीज घेतो त्याच्या मानाने फार कमी. आपल्याकडे थंडीत खप कमी आणि ऊन स्वच्छ, त्यामुळे शिल्लक साठते नेमकी मार्चपर्यंत, आणि एसीचा एप्रिल-मे शून्यापासून सुरू होतो. म्हणूनच गरजेपेक्षा मोठं बसवू नका.

तारतंत्री
२० जानेवारी, सकाळी ६:५०

मी वीज वितरणात चौतीस वर्षं लाइनवर काम केलं, आता निवृत्त आहे. चाफाताई, पॅनेलचं राहू द्या, आधी घरातली वायरिंग बघा. मीटरजवळ पांढरे चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आहेत का? भिंतींवर वायर ठोकलेली लाकडी पट्टी आहे का? आणि अर्थिंग कुठे जोडलंय ते शोधा. त्या काळात पुष्कळ घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधत. पुढे पाइप प्लास्टिकचे झाले आणि अर्थिंग नुसतं नावाला उरलं. घरातल्यांना हे कळतही नाही, कारण पंखा फिरतो, दिवा लागतो.

लाइट गेल्यावर काय होतं, ते वडिलांना नीट समजावून सांगा. साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेल्या सिस्टिमचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद होतो, भर दुपारी लख्ख ऊन असलं तरी. तो तसाच बंद झाला पाहिजे. आमचा एक सोबती लाइन बंद करून खांबावर चढला होता. जवळच्या दुकानातला जनरेटर उलटी वीज फेकत होता. तो वाचला, पण उजवा हात गेला. घराघरांतून वीज बाहेर येणार असेल तर खांबावरच्या माणसासाठी ही बंदी हवीच. लाइट गेल्यावरही पंखे हवे असतील तर बॅटरी आणि तिच्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागेल, त्याचा खर्च वेगळा. चरईत दिवसाला किती वेळ लाइट जाते ते महिनाभर वहीत लिहा आणि मग ठरवा.

स्लॅबवाला
२० जानेवारी, दुपारी १:२५

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, काम बरंचसं नौपाडा-पाचपाखाडीतल्या जुन्या इमारतींचं. पत्रे की पॅनेल, याआधी स्लॅबचं पोट बघा. वरच्या मजल्याचं छत खालून कुठे फुगलंय का, प्लास्टर सुटलंय का, सळी दिसते का? इथल्या दमट हवेत सळीला गंज चढतो, ती फुगते आणि काँक्रीट फोडते. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच करायचं असतं, तुमचं घर तर त्याच्या जवळजवळ दुप्पट वयाचं आहे.

सगळे वजनाला घाबरतात. पॅनेल, अँगल, सगळं धरून चौरस मीटरला १५ ते २० किलो भरतं. आता तुमच्या गच्चीवर काय आहे ते सांगतो, न बघताही. विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि गळती थांबली नाही म्हणून त्यावर दुसरा कोबा, कदाचित तिसराही. दहा सेंटिमीटर कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास जातं. जुना थर काढून नीट वॉटरप्रूफिंग केलंत तर पॅनेलच्या वजनाच्या कितीतरी पट भार स्लॅबवरून उतरेल.

खरी काळजी वाऱ्याची. मुंबई-ठाण्याकडे बांधकामासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला ११५ किलोंच्या पुढे जातो. तीन-सव्वातीन किलोवॅटला लागणाऱ्या सहा पॅनेलचं क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन टनांहून जास्त जोर. कोन, उंची आणि कठडा यांप्रमाणे आकडा बदलतो, पण हा जोर पॅनेल वर उचलायला बघतो. खाली बसता-उठता यावं म्हणून स्ट्रक्चर आठ फूट उंच करून घेतात, तेव्हा हे गणित कुणी केलं ते विचारा. तुमच्या घरात काँक्रीटचे ठोकळे भिंतींच्या माथ्यावर यावेत, खोलीच्या मधोमध नकोत. आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर त्यात ड्रिल मारू देऊ नका. ठोकळे आधी, कोबा नंतर, हाच क्रम.

घंटाळीकर
२० जानेवारी, संध्याकाळी ५:१०

वीज बनवण्याआधी गरम पाण्याचा विचार करा. नव्या इमारतींना सोलर वॉटर हीटर सक्तीचा करणाऱ्यांत आपली ठाणे महापालिका पहिल्या काहींमध्ये होती. आमच्याकडे काचनळ्यांचा २०० लिटरचा हीटर चौदा वर्षं चालला आहे, तीन नळ्या बदलल्या, बस्स. त्यात फिरणारं असं काही नाही, गरम पाणी हलकं होऊन आपोआप वरच्या टाकीत चढतं. पावसात जुलै-ऑगस्टला साध्या गिझरचा आधार घ्यावाच लागतो, नाही असं सांगणार नाही. पाइप मात्र वेगळा टाका आणि त्यावर जाड वेष्टन घाला. नाहीतर खालच्या मजल्यावर पहिल्या दोन बादल्या थंडच येतात आणि वाया जातात.

खाडीकिनारी
२० जानेवारी, रात्री ८:३०

मी कोपरीत राहतो. आमच्या गच्चीवर वारा छान असतो. छोटी पवनचक्की लावली तर रात्रीही वीज मिळेल ना? पावसाळ्यात तर सोलरची कसर भरून निघेल.

गच्चीवरचा
२० जानेवारी, रात्री ९:१५

मीही त्याच्या मागे लागलो होतो. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की वीज आठवा हिस्सा. अंगाला सुखावणारा वारा सेकंदाला तीन मीटरचा, आणि त्यावर छोटी चक्की जेमतेम हलते. शिवाय उंच इमारतींमध्ये वारा भोवऱ्यासारखा फिरतो, चक्कीचं तोंड सारखं बदलतं, बेअरिंग जातात, गच्ची थरथरते. साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या आहेत त्या तिथल्या वाऱ्यामुळे. कोपरीत तो खर्च पॅनेलवर करा.

सावलीमोजणी
२१ जानेवारी, सकाळी ७:२०

चाफाताई, टॉवर किती उंच आणि किती लांब? बारा मजले म्हणजे ३८ मीटर धरू. ठाण्याचे अक्षांश १९.२. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो, तेव्हा ३८ मीटरच्या टॉवरची सावली ३५ मीटर पडते. अडीच-तीन वाजता ती पन्नास मीटरच्या पुढे जाते. तुमचा टॉवर नैर्ऋत्येला, म्हणजे थंडीतल्या दुपारी नेमका आडवा. मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपल्याकडचा शून्य सावली दिवस. त्या दिवसांत टॉवरचा त्रास जवळपास नाही.

ॲप वगैरे नंतर बघा. येत्या रविवारी सकाळी आठपासून दर तासाला गच्चीवर सावलीच्या कडेने खडूची रेघ मारा आणि वेळ लिहा. जानेवारी असल्यामुळे वर्षातल्या वाईटाच्या अगदी जवळचं चित्र मिळेल. मुलांना सोबत घ्या, त्यांना आवडेल.

चाफा
२६ जानेवारी, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रेघा मारल्या, धाकटीने प्रत्येक रेघेवर वेळ लिहिली. पश्चिमेकडची अर्धी गच्ची पावणेदोनला सावलीत जाते, पूर्वेकडची साडेतीनपर्यंत उन्हात राहते. पॅनेल कुठे बसवायची ते खडूनेच सांगितलं.

तारतंत्री काका, तुम्ही लिहिलंत तसंच निघालं. किटकॅट आहेत, लाकडी पट्टी आहे, आणि अर्थिंगची तार मोरीतल्या जुन्या पाइपला. तो पाइप दहा वर्षांपूर्वीच कापून पीव्हीसी टाकलंय. आई रोज तिथेच वॉशिंग मशिनला ओल्या हाताने हात लावते. हे कळल्यापासून मला झोप नाही.

स्लॅबवाला, कोबे दोन निघाले. छतातून माझ्या खोलीत दोन जागी सळी दिसतेय.

तारतंत्री
२७ जानेवारी, सकाळी ६:३०

ताई, आजच्या आज एक करा: परवानाधारक वायरमन बोलवून मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. दोन हजारांच्या घरातला खर्च, पण अंगातून वीज गेली तर क्षणार्धात लाइन तोडतो. लगेच अंगणात अर्थिंगचा खड्डा. सोलरसाठी आणखी लागतील: पॅनेलच्या बाजूचा, घराच्या बाजूचा आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा, तिन्ही वेगळे. एकाच खड्ड्यात सगळं ढकलणारे असतात, तिथे उभं राहून बघा.

सेक्टर_एकोणीस
२ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

कोपरखैरण्यात चार मजली सोसायटी. आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांना यात जागा आहे का? गच्ची सगळ्यांची, त्यातही टाक्या आणि डिश.

गच्चीवरचा
२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००

सोसायटीच्या कॉमन मीटरवर बसवा: पंप, लिफ्ट, जिन्याचे दिवे. सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये आहेत. सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. आधी बारा महिन्यांची कॉमन बिलं सभेत वाचून दाखवा, लोक तिथेच तयार होतात.

चाफा
१८ मे, रात्री ११:००

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काम एका वेगळ्याच जागी अडकलं. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर होतं. ते १९९४ साली गेले. अनुदान जमा होण्यासाठी बिलावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच लागतं. वारस दोन, बाबा आणि काका, आणि नाव एकाच्याच लावायचं म्हटल्यावर काकांच्या मनात शंका आली. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. गच्ची दोघांची आहे आणि तिच्यावर मी पंचवीस वर्षांची वस्तू बसवणार होते.

एका रविवारी बसून कागदावर लिहून काढलं. गच्ची दोघांचीच राहील, वरच्या मीटरला बाबांचं नाव, खालच्याला काकांचं. २०० लिटरचा वॉटर हीटर मी बसवायचा आणि त्याची स्वतंत्र लाइन काकूंच्या मोरीपर्यंत न्यायची. काकूंना सांधेदुखी आहे, थंडीत त्या पातेल्यात पाणी तापवून उचलतात. त्या म्हणाल्या, मला कागद नको, नळ द्या. मग काकांनी सही केली.

नाव बदलायला पुढे दोन महिने आणि सहा फेऱ्या लागल्या, दर वेळी एक नवा कागद. जुन्या घरात राहणाऱ्यांनी हे काम सगळ्यात आधी हातात घ्या, पॅनेलचा विचार पक्का नसला तरी.

दरम्यान दोन्ही कोबे काढले, सळ्या घासून दुरुस्त केल्या, भिंतींच्या माथ्यावर ठोकळे ओतून मग वॉटरप्रूफिंग. वायरिंग सगळी नवी. पाच पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतले: जुने ७५ वॉट खायचे, हे ३०. रोज बारा तास धरले तर महिन्याला ८१ युनिटं वाचतात.

सावलीमोजणी
१९ मे, सकाळी ७:०५

इन्व्हर्टर कुठला ठरवलात? पूर्वेला बसवूनही साडेतीननंतर एकेक पॅनेल सावलीत जाईल. एका माळेत जोडलेली पॅनेल असतील तर एकाची सावली बाकीच्यांनाही मागे ओढते, सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारा पॅनेलमधला बायपास डायोड थोडंच वाचवतो. तुमच्याकडे प्रत्येक पॅनेलखाली त्याचा स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर, म्हणजे मायक्रोइन्व्हर्टर योग्य. महाग पडेल, पण तुमची जागाच तशी आहे.

चाफा
१९ मे, रात्री ९:३०

हो, मायक्रोइन्व्हर्टरच. ५४० वॉटची सहा पॅनेल, ३.२४ किलोवॅट. आमचा मंजूर भार (कंपनीने मीटरला मंजूर केलेले किलोवॅट) कमी होता, पण १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचा आणि भारही त्यासोबत वाढवायचा असा २०२४ चा नियम आहे, त्यामुळे तिथे अडलं नाही. बॅटरी घेतली नाही. बाबांनी महिनाभर लिहिलं, लाइट एकूण तीन तास गेली. ते स्वतःच म्हणाले, तेवढ्यासाठी नको.

चाफा
२४ जुलै, संध्याकाळी ७:४५

१६ जूनला नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर लागला. पण आज दिवसभरात फक्त दोन युनिटं! काल साडेतीन. काही बिघडलंय का? बसवणारा म्हणतो पाऊस आहे. बाबा सारखे मीटरपाशी जाऊन उभे राहतात.

गच्चीवरचा
२४ जुलै, रात्री ८:२०

काही बिघडलेलं नाही. माझेही आज दोनच झाले. जुलैची सरासरी पाच-सहा धरा. माझ्याकडे सगळ्यात जास्त वीज मार्चमध्ये होते, मे महिन्यात नाही, कारण पॅनेल तापलं की वीज घटते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के. पॅनेल ६० अंशांवर गेलं की बारा टक्के गेलेच. पावसाचा एक फायदा घ्या, धूळ आपोआप धुतली जातेय. आमच्याकडे ठाणे-बेलापूर पट्ट्याची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा, ऑक्टोबरनंतर दर पंधरा दिवसांनी पुसावं लागतं. पहाटे, पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी कधीही ओतू नका.

चाफा
५ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

बाबांच्या वहीतून: जून अर्धा १३०, जुलै १९०, ऑगस्ट २३०, सप्टेंबर २९०. एकूण ८४० युनिटं. सप्टेंबरच्या बिलात वीज आकार जवळपास शून्य, स्थिर आकार तेवढा भरला. तो काही केल्या सुटत नाही.

खर्चही लिहिते, कारण मला कुठेच पूर्ण आकडे सापडले नव्हते. गच्ची दुरुस्ती आणि वॉटरप्रूफिंग १,३५,०००, वायरिंग आणि अर्थिंग ६२,०००, पंखे १५,०००, वॉटर हीटर पाइपसह ४१,०००, सोलर २,४०,००० आणि त्यातून ७८,००० अनुदान खात्यात परत. म्हणजे अडीच लाखांहून जास्त पैसे पॅनेलबाहेरच्या कामांत गेले. सोलर किती वर्षांत वसूल होतं असं विचारणाऱ्यांनी ही दुरुस्ती त्या हिशेबात धरू नये. ती कामं आमच्या घराची तीस वर्षांची थकबाकी होती. पॅनेलमुळे ती करणं भाग पडलं आणि आईच्या मोरीतला तो धोका वेळेत कळला, याचं मोल मला कशात मोजता येत नाही.

यंदा गच्ची एकदाही गळली नाही. पॅनेलखालची माझी खोली दुपारी पूर्वीसारखी भाजत नाही.

घंटाळीकर
५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

काकूंच्या नळाला गरम पाणी लगेच येतं का गं?

चाफा
५ ऑक्टोबर, रात्री ९:००

अर्धी बादली थंड येते, मग कढत. ती अर्धी बादली काकू तुळशीला आणि कुंड्यांना घालतात. तुम्ही सांगितलेलं जाड वेष्टन घातलं म्हणून अर्ध्यावर निभावलं. पावसात गिझर लावावा लागला, आता आठवडाभर बंद आहे.

खाडीकिनारी
६ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

मीही गेल्या रविवारी खडू घेऊन गच्चीवर गेलो. आमच्याकडे चारपर्यंत ऊन. बिल मात्र अजून पणजोबांच्या नावावर निघालं. ताई, नाव बदलायला कोणकोणते कागद लागले ते एकदा लिहाल का?

चाफा
६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

मृत्यूचा दाखला, मालमत्ता कराची चालू पावती, सगळ्या वारसांची ओळखपत्रं आणि बाकी वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र, हे आमच्याकडून घेतलं. आधीची थकबाकी शून्य असावी लागते. तुमचे वारस तीन पिढ्यांचे असतील, तेव्हा आधी सगळ्यांना एका दिवशी घरी बोलवा. आमची खडूच्या रेघांचे फोटो असलेली वही हवी असेल तर चरईत येऊन बघा, बाबा गच्चीवर नेऊन दाखवतील.